हाय त्या चालीनं

हंगाम सुरू झाला की आमच्या भवानीनगरात कॅलेंडर बघावं लागत नाही. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. प्रत्येक ट्रॅक्टरवरचं गाणं वेगळं, आणि ती सगळी एकमेकांत मिसळून भलतंच काहीतरी ऐकू येतं. रस उकळल्याचा गोड, जरासा आंबूस वास हवेत मुक्काम ठोकतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला मात्र तो इतका अंगवळणी पडलाय, की उन्हाळ्यात कारखाना बंद झाला की जेवणात मीठ कमी पडल्यासारखं वाटत राहतं.

आणि मग पाचटाची पिसं येतात. ऊस तोडून नेला की रानात राहिलेलं पाचट कुणी ना कुणी पेटवतंच. पेटवू नका, कुजवा, जमीन सुधारते, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी लांब कुठंतरी धूर असतोच. जळलेल्या पात्यांचे काळे, हलके तुकडे वाऱ्यावर गावभर फिरतात आणि नेमके दोरीवरच्या पांढऱ्या धुण्यावर उतरतात. झटकायला जावं तर त्यांचा चुरा होतो आणि काळी रेघ उठते. त्यांच्यावर हळूच फुंकर मारायची असते. मी बारामतीत वाढलेली, मला हे सासरी आल्यावर शिकावं लागलं.

आज सकाळी या हंगामातलं पहिलं पीस उशीच्या अभ्र्यावर दिसलं. फुंकर मारली आणि उरलेलं धुणं तसंच बादलीत टाकून मी पुढच्या खोलीत गेले. खिडकी लावली. कॉम्प्युटरवर कापड टाकलं. नवा कॉम्प्युटर चारी बाजूंनी बंद आहे, त्याला बारीक जाळ्या आहेत. खिडकी उघडी राहिली असती तरी फारसं बिघडलं नसतं. पण हात ऐकत नाहीत. पीस दिसलं की मला वडगाव निंबाळकरचे माणिकतात्या आठवतात, त्यांचं एक वाक्य आठवतं, आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही.

आमची ही पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, तो काढला तेव्हा फोटोला रीळ लागायचं आणि मागच्या बाजूला अंधारखोली होती. आता अब्बा दारातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतात. लग्नाच्या शूटिंगला जातो माझा नवरा, रियाज. तो माझ्या मामाचाच मुलगा. लहानपणापासूनचं अरे-तुरे लग्नानंतरही सुटलं नाही आणि अब्बांनीही कधी टोकलं नाही. मिक्सिंग माझ्याकडे. रियाजने आणलेल्या तासन्‌तासांच्या चित्रणातलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी भरायची, नवरा-नवरीभोवती फुलांची चौकट फिरवायची आणि शेवटी कॉम्प्युटरला सांगायचं, आता हे सगळं एकजीव करून दे. या शेवटच्या कामाला रेंडर म्हणतात. त्या वेळी माणसाला काही काम नसतं. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते, ती बघत बसायचं. दूध तापवत ठेवल्यावर बघतो तसं, फक्त हे दूध लवकर वर येत नाही.

अब्बांनी या धंद्याला एक नियम घालून दिलाय: कच्चं कुणाला दाखवायचं नाही. कच्चं म्हणजे न कापलेलं, कॅमेऱ्यातून आलं तसं. त्याला कारण घडलेलं आहे. पूर्वी एका घरच्यांनी हट्ट धरला म्हणून अब्बांनी त्यांना सगळं चित्रण जसंच्या तसं दाखवलं. त्यात टोपी-टॉवेलाचा मान देताना धाकट्या चुलत्याला आधी उभं केलेलं दिसलं आणि थोरला तोंड फिरवून मांडवाबाहेर गेलेला दिसला. लग्नाच्या गर्दीत जे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते पडद्यावर सगळ्या घराने बघितलं. ती भावकी पुढं कैक वर्षं एकमेकांच्या दारात गेली नाही. तेव्हापासून आमच्याकडे कच्चं म्हणजे झाकलेलं. लग्नात काय काय घडलं ते आम्हाला माहीत असतं. घरच्यांना दिसतात ती फुलं.

तर माणिकतात्यांचं काम आलं त्या हंगामात आमचा जुना कॉम्प्युटर दमायला लागला होता. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर एकामागून एक येऊन पडली होती आणि पट्टी काही केल्या पुढं सरकत नव्हती. यावर रियाजचं आणि माझं जमेना.

रियाजचं म्हणणं, प्रोसेसर पळवायचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते किती वेगाने चालावं हे बनवणारा ठरवून देतो, पण आतल्या सेटिंगमध्ये शिरून तो आकडा वाढवता येतो. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. वेग वाढवला की डोकं तापतं, ताप वाढला की वारा वाढवावा लागतो, एवढं सांभाळलं की झालं. रियाजने मोबाईलवर त्याचे ढीगभर व्हिडिओ बघून ठेवले होते.

"इंजिनात जोर हाय गं," तो म्हणायचा. "त्यांनी निस्ता येग आवळाय गव्हर्नर लावून ठिवलाय. आपून त्यो ढिला करायचा."

माझं म्हणणं, डोकं बिचारं रिकामंच बसलंय. मी काम करताना पडद्याच्या एका कोपऱ्यात कॉम्प्युटरची नाडी, म्हणजे कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा तक्ता, उघडा ठेवायचे. त्यात प्रोसेसर अर्ध्यावर रेंगाळलेला दिसायचा आणि जुनी हार्ड डिस्क मात्र कायम शंभरावर धापा टाकत असायची. भाकरी थापणारीचे हात कितीही चालले तरी तवा एकच असेल तर परातीत थापलेल्या भाकऱ्या वाळतच राहणार. रॅम वाढवू, जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे कितीतरी जलद चालणारी नवी डिस्क, बसवू, असं मी म्हणत होते. त्यासाठी पुण्याहून सामान मागवायचं, कॉम्प्युटर उघडायचा, सगळं नव्याने भरायचं. म्हणजे चालू हंगामात काम थांबवायचं.

रियाजला थांबणं जमत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत तो झाकणाला हात घालतो. आणि नवीन काही आणणं म्हणजे त्याला हार मानल्यासारखं वाटतं.

"आपल्याकडचं रान बग," तो म्हणाला. "तेवड्याच एकरात बापाच्या दुप्पट ऊस काडत्यात लोक. रान वाडलं का? न्हाय. हाय त्यातनंच काडलं."

"आन् पाणी पाजून पाजून खारवट झाल्याली रानं? त्येबी बगून ये येकदा," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर दोघंही अर्धेअर्धे बरोबर होतो. कापताना-जोडताना डिस्क अडवायची आणि रेंडर करताना प्रोसेसर. पण नवरा-बायकोच्या भांडणात अर्धं बरोबर असून चालत नाही.

वडगाव निंबाळकरचं काम आलं ते या भांडणाच्या ऐन भरात. माणिकतात्या भाजीपाल्याचे शेतकरी. टोमॅटो, काकडी, वांगी. त्यांचा माल बारामतीच्या बाजारात पोचला की व्यापारी आधी त्यांच्या क्रेटकडे यायचे. अब्बांची आणि त्यांची ओळख जुनी, कारण तात्यांच्या लग्नाचे फोटो अब्बांनीच काढले होते. सारिका त्यांची एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलं आणि तात्यांच्या पोटातलं दुखणं बाहेर आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि घरी घेऊन जा म्हणाले. आता महिन्यांची भाषा करू नका, असंही म्हणाले.

घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, लग्न पुढं ढकलू. तात्यांनी ऐकलं नाही. "माज्यापायी तारीक हलवायची न्हाय," त्यांनी कॉटवरून सांगितलं. "मी हाय तवर अक्षता पडू द्या." त्यांच्या मागं वर्षाचा दुखवटा, मग मुहूर्त, मग पोरीचं वय, हे सगळं त्यांनी पडल्या पडल्या जुळवलेलं होतं.

लग्न इंदापूरच्या बाजूला, मुलाकडच्या कार्यालयात झालं. तात्यांना कॉटवरून उठवणं शक्यच नव्हतं. भावकीतल्या मुलांनी मोबाईलवरून थेट दाखवायचा खटाटोप केला, पण अंतरपाट बाजूला व्हायच्या वेळेला तात्यांसमोरच्या पडद्यावर एक चक्र तेवढं गोल गोल फिरत राहिलं. नंतर लोकांनी आपापल्या फोनमधले तुकडे पाठवले. त्यात माणसांच्या पाठी आणि डीजेचा दणदणाट. साखरेच्या आजाराने तात्यांचे डोळेही अधू झालेले, हाताएवढ्या पडद्यावर त्यांना काही उमगत नव्हतं. तेव्हा सारिकाने सगळ्यांना बजावलं, आता तात्यांना तुकडे दाखवायचे नाहीत. पूर्ण लग्न, मोठ्या टीव्हीवर, एकदाच दाखवायचं.

ती सासरी निघताना रियाजला म्हणाली होती, "भाई, लवकर करा. तात्यांनी बगायला पायजे."

म्हणजे या वेळी घाई खरीच होती. एरवी रियाजला मी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणून चिडवते, पण त्या दिवशी चिडवायचं काही राहिलं नव्हतं. एक माणूस वडगावला कॉटवर पडून वाट बघत होता आणि आमची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. पुण्याहून सामान यायची वाट बघायला माझीही जीभ रेटेना. मी म्हणाले, पळव तुझा प्रोसेसर.

त्याने पळवला. आकडा वाढवला, वीज वाढवली. ताप वाढायला लागला तसं कॅबिनेटचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीचं, पत्र्याचं दार काढून टाकलं आणि उघड्या पोटासमोर घरातला टेबलफॅन लावला. वारा खेळता राहावा म्हणून खिडकी सताड उघडली. आणि खरंच, काम धावायला लागलं. पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी पुढं जात होती. रियाज माझ्याकडे बघून नुसता हसला. त्याचं ते हसू मला त्या वेळी आवडलं होतं.

पट्टी निम्म्याच्या पुढं गेली आणि पडदा काळा झाला.

पुन्हा लावलं. पुन्हा तसंच, या वेळी जरा अलीकडे. आकडा थोडा कमी करून पाहिला, वीज आणखी वाढवून पाहिली. रेंडर मधेच तुटलं की केलेलं सगळं वाया जातं, परत पहिल्यापासून सुरुवात. आमच्या खोलीत तापलेल्या धातूचा वास भरला. त्यात दिवस गेले. वडगावहून हौसाकाकींचा, तात्यांच्या बायकोचा, फोन यायचा. त्या घाई करत नसत. "हायती अजून," एवढंच सांगायच्या आणि फोन ठेवायच्या.

शेवटी मी टेबलफॅन बंद करून कॅबिनेटच्या आत बॅटरी मारली. आत पाचटाची पिसं होती. प्रोसेसरच्या डोक्यावर उष्णता काढून घेणाऱ्या पत्र्यांची पातळ दाटी असते. तिच्या फटीफटीत काळा चुरा बसून नमद्यासारखा जाड थर तयार झाला होता. गार करायला लावलेला वारा खिडकीतून ते सगळं ओढून आत भरत होता. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. हंगामात, भवानीनगरात, खिडकी उघडी टाकून कॉम्प्युटरचं पोट उघडं ठेवायचं, ही अक्कल आमचीच. दोरीवरच्या चादरीसाठी जी काळजी मी रोज घेत होते ती मला तिथं सुचली नव्हती.

मी लेन्सचा ब्रश घेऊन ती पिसं काढत बसले होते. रियाज भिंतीला टेकून उभा होता. त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली.

सारिका होती, नवऱ्याबरोबर पहिल्यांदा माहेरी निघालेली. हातात हिरवा चुडा, मेंदी अजून उतरलेली नव्हती. नवरा बाहेर अब्बांजवळ बोलत थांबला आणि ती आत आली. उघडं कॅबिनेट, विस्कटलेल्या वायरी, माझे काळे हात, सगळं तिने बघितलं.

"गेलं व्हय समदं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. मी ब्रश खाली ठेवला.

"न्हाय गं. चित्रण डिस्कवर सुखरूप हाय. मिक्सिंग अडकलंय."

"मिक्सिंग म्हंजी काय करतासा, वहिनी?"

मी सांगितलं. कापणं, जोडणं, गाणी, नावं, फुलांच्या चौकटी. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं मी काय सांगतेय ते. सारिका शांतपणे ऐकत होती.

"म्हंजी मी हाय ह्यात," ती कॅबिनेटकडे बघत म्हणाली. "आत्ता, ह्या टायमाला. निस्ती फुलं व्हायची राहिल्यात."

"व्हय."

"मग फुलं ऱ्हाऊ द्या, वहिनी. तात्यांना मी दिसले म्हंजी झालं."

रियाजने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघांनी दाराकडे बघितलं. नियम अब्बांचा होता. इतके दिवस आम्ही प्रोसेसर की डिस्क, डिस्क की प्रोसेसर यावर डोकं फोडत होतो. यातलं काहीच लागणार नाही, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. सुचेल कसं? चांगला आचारी जसा फोडणीशिवाय आमटी वाढत नाही, तसं आम्हाला कच्चं दाखवणं हे करायच्या गोष्टींत दिसतच नव्हतं.

अब्बा खुर्चीवरून उठून आत आले होते. "कच्चं दाखवू नये ते भांडनं काडनाऱ्यांना," ते म्हणाले. "मानिकराव कुनाशी भांडनार हायेत आता? न्या त्ये यंत्र. मीबी येतो."

रियाज खाली बसला. त्याने कॉम्प्युटर चालू केला, सेटिंगमध्ये गेला आणि वाढवलेले सगळे आकडे एकेक करून मूळ जागेवर आणले. मी त्याच्याकडे बघत होते. तो रागावला नव्हता, ओशाळलाही नव्हता. मोटारसायकलवरून उतरून माणूस गेटातून गाडी हाताने ढकलत नेतो, तसं त्याचं तोंड झालं होतं.

कॅमेऱ्यातली फाईल तात्यांच्या टीव्हीला वाचता येणार नव्हती, म्हणून कॉम्प्युटरच न्यावा लागला. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मी व्हॅनमध्ये मांडीवर घेतलं. आतल्या डिस्कला हिसका बसू नये म्हणून रियाज हळू चालवत होता. पुढं उसाची जोडट्रॉली लागली. एरवी त्याने हॉर्न वाजवून वाजवून तिला शेतात घातली असती. त्या दिवशी तो तिच्या मागं मागं चालला. एमआयडीसीच्या फाट्यावर शिफ्ट सुटली होती, मोटारसायकलींचा लोंढा आम्हाला दोन्ही बाजूंनी ओलांडून गेला. अब्बा पुढच्या सीटवरून एकदाच म्हणाले, "असं चालवलं तर मी रोज तुज्यासंगं यीन." रियाज हसला.

तात्यांची कॉट माजघरात टीव्हीकडे तोंड करून सरकवलेली होती. मी त्यांना पूर्वी बाजारात पाहिलं होतं, डोक्यावर क्रेट घेऊन दोन पायऱ्या एकदम चढताना. कॉटवर त्या माणसाचे खांदे तेवढे ओळखू येत होते. अब्बा शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी तात्यांचा हात हातात घेतला.

"उशीरच क्येलात, मास्तर," तात्या अब्बांना हळू आवाजात म्हणाले. "माज्या लग्नाचं फोटूबी तुमी पार पावसाळ्यात दिल्यालं."

"त्यातबी तुमचं डोळं मिटल्यालं व्हतं," अब्बा म्हणाले.

तात्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. मी वायरी जोडल्या. कॅबिनेटचा पंखा घरघरायला लागला, आणि टीव्हीवर लग्न सुरू झालं.

कच्चं म्हणजे काय असतं हे त्या घरात बसून मला नव्याने दिसलं. रिकाम्या खुर्च्यांची रांग. मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेली एक म्हातारी. कॅमेरा तिवईवर तसाच चालू राहिलेला, त्याच्यासमोरून अक्षतांचं ताट घेऊन तीच ती मुलगी इकडून तिकडे जातेय. भटजी घसा खाकरतायत. मी हे सगळं रोज कापते. हात सवयीने माउसकडे जात होता.

रियाजला राहवेना. तात्यांना थकवा येईल म्हणूनही असेल. तो वाकून म्हणाला, "तात्या, हितं काय न्हाय. पुढं पळवू का? डायरेक अक्षतांवर घिऊ."

तात्यांनी मान हलवली. पडद्यावरची नजर काढली नाही.

"नगं," ते म्हणाले. "हाय त्या चालीनं जाऊ दे."

मग कुणीच काही पळवलं नाही. दुपार उतरत गेली. सारिका मध्येच चहा करायला स्वयंपाकघरात जायची, येऊन त्यांच्या पायाशी बसायची. बाहेर वैरणीची गाडी आली, गाईंचं दूध काढायची वेळ झाली, कुणी उठून गेलं, कुणी येऊन बसलं. तात्या बघत होते. आम्ही इतके दिवस वेळ वाचवायला धावत होतो तो कशासाठी, तर त्यांना बघायला मिळावं म्हणून. आणि बघायला लागले तेव्हा त्यांना त्यातला जराही वाचवायचा नव्हता. मला हे तिथं बसल्या बसल्या कळलं आणि रडू आलं. मी पंख्याच्या आवाजाकडे कान लावून बसले.

नवरीच्या खोलीतलं चित्रण लागलं तेव्हा सारिका आत चहाची भांडी विसळत होती. पडद्यावर ती खुर्चीत बसलेली, दोन्ही हातांवर ओली मेंदी, हात कोपरापासून वर धरलेले. बायका तिच्या मागं पुढं. तिचं नाक खाजायला लागलं. तिने नाक मुरडलं, ओठ वर ओढले, मग मान वळवून इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळ्या आपापल्या गडबडीत. तिने परत एकदा दाराकडे बघितलं, आणि मग कुणी येणार नाही हे कळल्यासारखं नाक खांद्याच्या पदरावर घासलं.

कॉटवर तात्यांचा हात वर आला. अब्बांच्या हातातून तो त्यांनी सोडवून घेतला होता. बोटं किंचित वाकलेली, टीव्हीच्या दिशेने. थोडा वेळ तो तसाच हवेत राहिला आणि मग पांघरुणावर आला.

हौसाकाकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "रोपं लावताना पोरीचं हात चिखलाचं असायचं. नाक खाजाय लागलं की सऱ्या सोडून बापाकडं पळायची. दुसऱ्या कुनी खाजवल्यालं तिला चालायचं न्हाय."

हंगाम संपायच्या आत तात्या गेले. पुण्याहून एसएसडी आली, रॅम आली. मग मिक्सिंग झालं. प्रोसेसर त्याच्या मूळच्या आकड्यावरच राहिला. पुढं तो कॉम्प्युटरही गेला आणि हा नवा आला. यात तर वेग वाढवायचं साधं बटण दिलेलं आहे. रियाजने पहिल्या दिवशी ते मला दाखवलं आणि तसंच राहू दिलं. मोटारसायकल मात्र अजून पूर्वीसारखीच भन्नाट पळवतो; माणूस सगळा कुठं बदलतो.

सारिका तात्यांचे दिवस झाल्यावर आली होती, गाणी सांगायला. माझ्या शेजारी बसून तिने सगळं एकदा नजरेखालून घातलं. नवरीच्या खोलीत आलो तशी ती संकोचून म्हणाली, "ह्ये नाकाचं काडा, वहिनी. माकडावानी दिसतीया मी."

मी माउसवरचा हात काढला आणि तिला सांगितलं, ती भांडी विसळत होती तेव्हा माजघरात काय झालं ते. तात्यांनी हात सोडवून घेतला ते, वर उचलला ते, बोटं कशी धरली होती ते.

तिने पडद्याकडे बघितलं. तिथं ती थांबलेली होती, हात वर धरून, दाराकडे बघत. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या त्ये," ती म्हणाली. "आन् वहिनी, त्येच्यावर गानं नका टाकू."

तेवढा भाग तसाच ठेवला आहे. त्यात बायकांची कुजबुज आहे, बांगड्या वाजतात, बाहेर कुणीतरी पाण्याचा जार मागतंय, आणि ती दाराकडे बघते.